पहिला रोटा कधी, तिसरा कुठे: बेळगाव सीमाभागातल्या घरांत या लशीबद्दल कसे बोलावे

खानापूरपासून निपाणीपर्यंत आणि तिकडे अथणी-कागवाडपर्यंत, मराठी घरांत बाळंतीण सव्वा महिना बाहेर पडत नाही. सव्वा महिना म्हणजे साधारण 40 दिवस. रोटाव्हायरसच्या लशीचा पहिला डोस 6 आठवडे भरल्यावर, म्हणजे बाळ 42 दिवसांचे झाल्यावर देतात. दोन्ही हिशेब जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. म्हणून घरात बोलताना रिवाजाला हात लावू नये. "सव्वा महिना झाला की देवाला जाऊन या, आणि त्याच आठवड्यात बाळाचे दीड महिन्याचे डोस," एवढे म्हटले की सासूबाईंचा मान राहतो आणि तारीखही ठरते.

हे टिपण आशाताई, अंगणवाडी सेविका आणि स्त्री शक्ती संघातल्या बायकांसाठी आहे. घरात ज्या नणंदेला किंवा जावेला "तू शिकलेली आहेस, सांग, द्यायची का?" असे विचारले जाते, तिच्यासाठीही आहे. "लस नको" असे तोंडावर सांगणारी आई फार क्वचित भेटते. बहुतेकजणी "बघू" म्हणतात. त्या "बघू"च्या मागे प्रत्येकीचे कारण वेगळे असते, आणि ते न विचारता दिलेली माहिती वाया जाते.

लस कशावर आहे

रोटाव्हायरस हा लहान मुलांना जुलाब-उलटी करणारा विषाणू. तो शी-तून हाताला, भांड्याला, खेळण्याला लागतो आणि तिथून तोंडात जातो. फार थोडा विषाणूही पुरतो, म्हणून स्वच्छ घरातल्या मुलांनाही तो गाठतो. हात धुणे आणि पाणी उकळणे यांनी इतर बरेच आजार टळतात, पण रोटा एवढ्याने पुरता थांबत नाही. पहिल्यांदा होतो तेव्हा तो सर्वांत जोरात होतो, पुढच्या वेळा सौम्य. लस नेमके हेच साधते: कमजोर केलेला किंवा मुळातच सौम्य असलेला विषाणू तोंडावाटे देऊन शरीराला पहिली ओळख आजारी न पडता करून देते.

लस येण्याआधी सरकारी अंदाजाप्रमाणे देशात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे 78,000 मुले रोटाने दगावत होती. जुलाबासाठी दवाखान्यात ठेवाव्या लागणाऱ्या लहान मुलांपैकी साधारण 40 टक्क्यांना रोटा असायचा. हे आकडे तुम्हाला माहीत असावेत, पण बाळंतिणीपुढे मृत्यूचे आकडे मांडू नयेत. घाबरलेली आई सुईला आणि दवाखान्यालाही घाबरते, आणि घरातली वडीलधारी माणसे "अभद्र बोलू नका" म्हणून विषय बंद करतात.

तारखा कशा काढायच्या

तीन डोस: 6, 10 आणि 14 आठवड्यांना. बोलण्यात दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. दोन डोसांत किमान 4 आठवडे, म्हणजे 28 दिवस. 1 जूनला जन्मलेल्या बाळाचा पहिला डोस 13 जुलैपासून देता येतो, दुसरा 10 ऑगस्टपासून, तिसरा 7 सप्टेंबरपासून. ही सर्वांत आधीची तारीख. लसीकरणाचे सत्र त्यानंतर जेव्हा असेल तेव्हा जायचे.

यात चुकते ते असे. गावातले सत्र महिन्यातून एकदा, समजा दुसऱ्या गुरुवारी. त्या दिवशी बाळ 40 किंवा 41 दिवसांचे आहे. सिस्टर दिवस भरले नाहीत म्हणून परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण आई पुढच्या महिन्याच्या सत्राची वाट बघत बसते आणि पहिलाच डोस सव्वादोन महिन्यांवर जातो. वरून "एकदा गेलो तर परत पाठवलं" ही तक्रार गल्लीभर होते ती वेगळीच. म्हणून आशाताईने बाळाचे 42 दिवस आधीच मोजावेत. सत्र दोन दिवसांनी हुकत असेल, तर पुढच्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. एकदा पहिला डोस गावच्या सत्रातच झाला की महिन्याच्या ठरलेल्या गुरुवारी येणाऱ्या आईला 28 दिवसांची चिंता नाही. दुसऱ्या गुरुवारपासून पुढच्या दुसऱ्या गुरुवारपर्यंत 28 किंवा 35 दिवसच होतात.

उशीर झाला तरी दार लगेच बंद होत नाही. सरकारी कार्यक्रमात पहिला रोटा बाळ एक वर्षाचे होईपर्यंत देता येतो, आणि वर्षाआधी पहिला झाला असेल तर उरलेले पुढे पूर्ण करतात. मधे खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरू करायचे नसते. पण "वर्षापर्यंत चालतंय" हे वाक्य आईला स्वतःहून सांगू नका. जोराचा रोटा बहुतेक मुलांना पहिल्या दीड-दोन वर्षांत होतो, काहींना तर तीन-चार महिन्यांपासूनच. वाट बघण्यात संरक्षणाचेच दिवस जातात. कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी झालेल्या बाळाची प्रकृती स्थिर असेल, तर त्यालाही जन्मतारखेवरूनच मोजून द्यायचे. "वजन भरू दे, मग बघू" असे नाही.

माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या

सीमाभागात तिसरा डोस सुटण्याचे मोठे कारण भीती नव्हे, प्रवास. पहिले बाळंतपण माहेरी. माहेर चंदगडला, गडहिंग्लजला, आजऱ्याला किंवा कागलला, आणि सासर हुक्केरी, निपाणी, बेळगाव तालुक्यात, किंवा उलट. बाळाला घेऊन सासरी जायचे ते तिसऱ्या नाहीतर पाचव्या महिन्यात, मुहूर्त बघून. 14 आठवडे म्हणजे 98 दिवस, तीन महिने आणि वर आठवडाभर. सामान बांधायच्या गडबडीतच तिसऱ्या डोसाची तारीख येते. माहेरची आशा म्हणते, "आता सासरी घ्या." सासरच्या आशाच्या यादीत हे बाळच नसते.

उपाय साधे आहेत, पण जाण्याआधी करायचे.

तिसऱ्या महिन्यात निघणार असेल तर निघायची तारीख विचारा, आणि 98 दिवस भरत असतील तर डोस घेऊनच निघायला सांगा. भरत नसतील तर सासरच्या गावच्या आशाताईचा किंवा अंगणवाडीचा फोन नंबर आईच्या कार्डावर लिहून द्या आणि स्वतः एक फोन करा. महाराष्ट्रात मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड कर्नाटकात चालते, इकडचे तायी कार्ड तिकडे चालते. लसीकरण फुकट आहे आणि कुठल्याही राज्यातल्या सरकारी केंद्रात मिळते. "तुमचं कार्ड दुसरीकडचं" म्हणून परत पाठवले तर आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद झाली असेल तर मोबाईल नंबरवरून आधीचे डोस दिसतात. त्यासाठी माहेरी वडिलांचा आणि सासरी नवऱ्याचा असे दोन नंबर देऊ नयेत; एकच द्यावा, शक्यतो आईचा स्वतःचा. कार्डाचा फोटो आईच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्याही फोनमध्ये असावा.

दोन राज्यांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या लशी मिळू शकतात. शक्यतो सुरू केलेली तीच पूर्ण करावी. नसेल तर जी उपलब्ध आहे ती घ्यावी, पण एकूण तीन डोस झाले पाहिजेत. लस बदलली म्हणून थांबू नये.

ऊसतोड टोळ्यांची मुले हा याहून अवघड भाग. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या आसपास खोपी पडतात, आणि थंडीचे कोरडे महिने हेच रोटाच्या जोराचे दिवस. या बायका पहाटे फडावर जातात. दुपारी अकराला शाळेत ठेवलेले सत्र त्यांच्या कामाचे नाही. टोळीच्या मुकादमाला आदल्या दिवशी गाठून वेळ ठरवावी, आणि डोस दिल्यावर तारीख आईकडच्या कागदावर लिहिलीच पाहिजे. पुढच्या महिन्यात टोळी कुठल्या गावात असेल ते तिलाही ठाऊक नसते.

बायका काय म्हणतात, आणि काय उत्तर द्यावे

"देणार काय?" असे विचारून सुरुवात करू नका. "गुरुवारी बाळाचे दीड महिन्याचे डोस आहेत. तुमच्या मनात काही शंका आहे का?" असे विचारा. डोस ठरलेला, शंका मात्र मोकळी. मग ऐका. मधे तोडू नका. खरे कारण बहुतेक वेळा शेवटी, तुम्ही उठायला लागलात की निघते.

*"आमच्या वेळंला कुठं होतं हे? आमची पोरं वाढलीच की."* हे सासूबाईंचे. वाद घालू नये. "मावशी, तुम्ही कुणाचं मूल जुलाबानं गेलेलं बघितलंय का?" एवढे हळू आवाजात विचारावे. जुन्या पिढीत असे एखादे मूल प्रत्येकीला आठवते. स्वतःचे, दिराचे, शेजारचे. त्या बोलू लागल्या की तुम्ही गप्प बसा. त्यानंतर एकच वाक्य: "तेव्हा ही लस नव्हती, आता आहे."

*"थोरल्याला कुठं दिली होती?"* या लशीची सरकारी सुरुवात 2016 मध्ये चार राज्यांत झाली आणि 2019 पर्यंत ती देशभर पोचली. त्याआधी जन्मलेल्या थोरल्याला सरकारी दवाखान्यात ती मिळणारच नव्हती. आई चुकली नव्हती, हे तिला स्पष्ट सांगा. अनेकजणींना आत कुठेतरी तेच लागलेले असते.

*"जुलाब तर दात येताना होतातच."* दात येतात साधारण सहाव्या महिन्यापासून. त्याच सुमाराला मूल रांगते, जमिनीवरचे सगळे तोंडात घालते आणि वरचे अन्नही सुरू होते. जंतू पोटात जायची ही वेळ दातांच्या वेळेशी जुळते, म्हणून दोष दाताला मिळतो. हे पटते, कारण प्रत्येक आईने मूल काय काय तोंडात घालते ते बघितलेले असते.

*"डोस दिला तरी जुलाब झाले. मग उपयोग काय?"* या एका प्रश्नावर गावातला विश्वास टिकतो किंवा जातो. आणि चूक बऱ्याचदा आपल्या बाजूची असते, कारण कुणीतरी "ही जुलाबाची लस, आता जुलाब होणार नाहीत" असे सांगून ठेवलेले असते. जुलाब बऱ्याच जंतूंनी होतात, ही लस फक्त रोटावर आहे. आणि रोटावरही ती शंभर टक्के नाही. रोटाव्हॅक या भारतीय लशीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथल्या बाळांवर झाली. त्यात गंभीर रोटा साधारण 55 टक्क्यांनी कमी झाला. हे तसेच सांगा, आईच्या शब्दांत: "जुलाब होऊ शकतात. पण रोटानं बाळाला सलाईन लावायची पाळी येणं निम्म्याहून कमी होतं." एवढे खरे बोललात तर पुढचे जुलाब तुमच्यावर येत नाहीत. निम्मे म्हणजे थोडे नव्हे. रात्री दोन वाजता जांबोटीकडून किंवा कणकुंबीहून बेळगावला बाळ न्यावे लागण्याच्या वेळा निम्म्यावर येणे, हे त्या घरातल्या कुणालाही समजते.

*"फुकटची लस हलकी असेल. पैसे भरून चांगली घेऊ."* सरकारी कार्यक्रमातली रोटाव्हॅक हैदराबादच्या भारत बायोटेकची, रोटासिल पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये तपासून मान्य केलेल्या आहेत. खासगीत घ्यायची ऐपत असेल तर जरूर घ्यावी, पण पैशाची वाट बघण्यात दोन महिने घालवू नयेत. खासगीतल्या एका लशीचे दोनच डोस असतात, बाकीच्यांचे तीन. दोन डोसांची लस पूर्ण झालेल्या आईला सरकारी सत्रात "तिसरा का नाही घेतला?" असे ऐकावे लागते. म्हणून खासगी डॉक्टरांची फाईल, लशीच्या नावासकट, सोबत न्यावी. खासगी डॉक्टर पहिल्या डोसासाठी वयाची मर्यादा अधिक कडक पाळतात, साधारण 15 आठवड्यांच्या आतली. तिथे जायचे तर उशीर करून चालत नाही.

*"एवढ्या सुया एका दिवशी?"* दीड महिन्याला आणि साडेतीन महिन्यांना तीन-तीन सुया असतात: पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस), न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) आणि दंडावर पोलिओची. अडीच महिन्यांना एकच. रोटा मात्र तोंडाने. ताप येतो तो बहुतेक पेंटाचा. तरीही दीड महिन्याच्या डोसानंतरच्या तापाने घाबरलेली आई अडीच महिन्यांचे सत्र टाळते आणि सुईबरोबर रोटाही बुडतो. तिला आधीच सांगा: "पुढच्या वेळी एकच सुई आहे." हे एक वाक्य ऐकून येणाऱ्या आया पुष्कळ आहेत.

*"आतडं अडकतंय म्हणे त्यानं."* फोनवर वाचलेले असते. उडवून लावू नका. 1999 मध्ये अमेरिकेत रोटाची एक लस याच कारणाने बंद झाली होती. आपल्याकडे दिली जाते ती लस ती नव्हे. नंतरच्या काही लशींबाबत काही देशांत लाखात एक ते सहा बाळांना हा त्रास जास्तीचा दिसला. भारतात रोटाव्हॅक सुरू झाल्यावर केलेल्या अभ्यासात तशी वाढ दिसली नाही. लस न घेतलेल्या बाळांनाही हा आजार होतो. आमचे मत असे की आईने विचारले नाही तरी याची लक्षणे सांगावीतच. ती पुढे दिली आहेत. आपण लपवलेली गोष्ट दुसऱ्याकडून कळली की पुढच्या कुठल्याच डोसाला विश्वास उरत नाही.

*"ह्यांना विचारायला पाहिजे."* नवरा गोव्यात, पुण्यात नाहीतर कोल्हापूरच्या फौंड्रीत. आईच्या फोनवरून त्याला तिथेच लावा, किंवा तिच्याच आवाजात मेसेज करायला सांगा: "गुरुवारी बाळाचे डोस आहेत, मी नेते." बहुतेकजण हरकत घेत नाहीत. खरी अडचण अनेकदा रिक्षाचे पैसे आणि दुसऱ्या मुलाला कुणी सांभाळायचे ही असते, आणि ती सांगायची लाज वाटते. म्हणून "येताना कुणासोबत येणार?" असे विचारावे, अडचण आपोआप पुढे येते.

सत्राच्या दिवशी

बाळाला उपाशी आणू नये. पोट भरलेले असले की उलटी होईल म्हणून काहीजणी दूध तोडतात. मग भुकेने रडणारे बाळ थेंब बाहेर टाकते. अंगावरचे दूध आधी, नंतर, केव्हाही चालते. साधी सर्दी, किंचित ताप, एखादी पातळ शी ही डोस टाळायची कारणे नव्हेत. बाळ खरोखर आजारी असेल, दवाखान्यात ठेवण्याइतके जुलाब असतील, तर बरे झाल्यावर द्यायचा. आधी कधी आतडे अडकले असेल, जन्मजात प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असेल, किंवा आधीच्या रोटा डोसाने जोराची ॲलर्जी आली असेल, तर देत नाहीत. हे सिस्टरना आधी सांगावे.

आईने मांडीवर बाळाला अर्धवट आडवे धरायचे, डोके डाव्या हाताच्या कोपरात किंचित मागे. तोंडाचे थेंब आधी, सुया नंतर. रोटाव्हॅकचे 5 थेंब असतात. रोटासिलची पावडर द्रावणात मिसळून 2.5 मिली तोंडात सोडतात, म्हणजे अर्धा छोटा चमचा. तयार पातळ रोटासिल 2 मिली. गालाच्या आतल्या बाजूला, हळू. घशात एकदम सोडले की ठसका लागतो. कुपीवरच्या चिन्हात आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असला पाहिजे. आईने बघायला मागितले तर दाखवावे. तिचा तो हक्क आहे.

पोलिओच्या दोन थेंबांशी होणारा घोटाळा इथे सगळ्यात जास्त. त्याच वेळी तोंडात दोन थेंब पोलिओचे पडतात, रोटाचे वेगळे. आईला वाटते तोंडाचे झाले म्हणजे झाले. रविवारच्या पोलिओ मोहिमेत रोटा मिळत नाही. घरी जाताना कार्डावर पोलिओच्या आणि रोटाच्या रकान्यात वेगळी तारीख आहे का, हे आईकडूनच वाचून घ्यावे. कार्ड कन्नडमध्ये असेल आणि तिला वाचता येत नसेल, तर त्या रकान्याशेजारी पेनाने देवनागरीत "रोटा 1, 2, 3" लिहून द्या. सिस्टर कन्नड बोलत असतील तर हे शब्द कानावर असू द्या: लस म्हणजे लसिके, थेंब म्हणजे हनी, जुलाब म्हणजे भेदी, उलटी म्हणजे वांती. "आरु वार" म्हणजे सहा आठवडे.

बाळाने डोस लगेच थुंकून टाकला तर गप्प उठून जाऊ नका. तिथेच सिस्टरना सांगा. बहुतेक डोस बाहेर गेला असेल तर त्याच बैठकीत पुन्हा द्यायचा की नाही, हे त्या ठरवतात. घरी आल्यावर तासाभराने दूध टाकले तर डोस गेला असे नाही. सगळ्यांनी डोस झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे.

पहिला आठवडा

थोडी चिडचिड, एखाद-दुसरी पातळ शी किंवा उलटी होऊ शकते. ती आपोआप थांबते. लशीतला विषाणू काही दिवस शी-तून बाहेर पडतो, म्हणून लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. बाळगुटी, ग्राईप वॉटर यांतले काहीही सहा महिन्यांपर्यंत देऊ नये, आणि मध तर वर्षापर्यंत नाहीच. सहाणेचे आणि वाटीचे पाणीच अनेकदा जुलाबाचे मूळ असते. आज्जीला हे आईने नव्हे, तुम्ही सांगावे.

बाळ थांबून थांबून जोरात कळवळते, पाय पोटाशी घेते, परत परत हिरवट उलटी करते, पोट फुगते, शी-त रक्त आणि शेंबडासारखे काही दिसते, किंवा बाळ गळून जाते, तर त्याच तासाला निघायचे. आतडे अडकल्याची ही लक्षणे आहेत. लहान मुलांचे सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यातच जायचे: खानापूर-बेळगावकडून बेळगावला, निपाणीकडून जवळ असेल तर कोल्हापूरला, अथणी-कागवाडकडून मिरजेला. 108 ला फोन करा. दवाखान्यात रोटाचा डोस कधी झाला ती तारीख सांगा.

तरीही जुलाब लागले तर

ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात; लिटरची बाटली किंवा 200 मिलीचे पाच पेले मोजून. अर्धी पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात टाकली तर पाणी जास्त खारट होते आणि बाळाला अपाय करते. तयार पाणी 24 तासांनी फेकायचे. प्रत्येक पातळ शी-नंतर दोन महिन्यांखालच्या बाळाला 5 छोटे चमचे, दोन महिने ते दोन वर्षांपर्यंत पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटे थांबून पुन्हा, अजून हळू. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. झिंक 14 दिवस: 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला 20 मिलिग्रॅमची अर्धी गोळी, त्यापुढे पूर्ण गोळी, दुधात किंवा स्वच्छ पाण्यात विरघळवून. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी बाळाला कधीही देऊ नये.

टाळू खोल गेली की काही घरांत तेल घालतात, ती वर उचलायला जाणत्या बाईला बोलावतात. टाळू खोल जाणे म्हणजे अंगातले पाणी गेलेले असणे. डोळे आत जाणे, रडताना अश्रू न येणे, लघवी कमी होणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसणे, बाळ सुस्त पडणे किंवा दूधच न ओढणे, यांतले काहीही दिसले तर ओआरएस पाजत पाजतच दवाखान्यात न्यायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाला जुलाब लागले तर लक्षणांची वाटही बघू नये. खानापूरच्या घाटाकडच्या वाड्यांत जुलै-ऑगस्टला ओढे भरले की रस्ता बंद होतो. तिथे पावसाआधीच प्रत्येक बाळाच्या घरी ओआरएसच्या दोन पुड्या आणि झिंकची पट्टी पोचलेली असावी, आणि ज्या बाळाचे डोस पावसात येतात त्याची तारीख आशाताईच्या वहीत मे महिन्यातच लिहिलेली असावी.